औषध नेमकं कुणावर चाललं? क्रोन्सचा एक रुग्ण, ॲझाथायोप्रिन आणि गोठ्यातला जिवाणू

हे प्रकरण लिहायला घेतलं ते एका प्रश्नामुळे. विचारणारे गृहस्थ डॉक्टरच होते, पण जनावरांचे. "मॅडम, तुम्ही म्हणता ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते. पण हीच गोळी काचेच्या नळीत जिवाणूची वाढ रोखते असं छापून आलंय. मग आमच्या पाहुण्यांना बरं वाटतंय ते नक्की कशानं?"

बाहेर पन्नास पेशंट बसले होते. मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षभरात मात्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला, आणि एकदा तर रुग्ण तापाने फणफणत दाखल असताना आला. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे काही तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम आणि आमच्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांचे, ऊसपट्ट्यातले शेतकरी. घरी चौदा जनावरांचा गोठा आणि गावात दूध संकलन केंद्र. आठ महिने पोटात उजवीकडे खाली कळ यायची, जेवल्यावर पोट गुरगुरायचं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ जुलाब व्हायचे. वजन ६८ किलोवरून ५७ वर आलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीची तपासणी झाली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला व्रण दिसले. तुकड्याच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींची गाठ, होता, पण टीबीचे जंतू दिसले नाहीत.

आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय आतड्याच्या टीबीचा येतो आणि तो योग्यच आहे. जागा तीच, वयोगट तोच, तक्रारीही त्याच. टीबी आणि क्रोन्स (आतड्यात दीर्घकाळ सूज आणि व्रण करणारा आजार) यांतला फरक कधीकधी तुकडा पाहणाऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही सांगता येत नाही. तिथल्या डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. दोन महिन्यांत कळ निम्म्याने कमी झाली, वजन अडीच किलो वाढलं. सगळ्यांनी निःश्वास टाकला आणि सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला. मधे दुर्बीण पुन्हा घातली गेली नाही.

कोर्स संपल्यावर चार महिन्यांत सगळं परत सुरू झालं आणि ते आमच्याकडे आले.

निदान कुठे अडलं होतं

पहिल्या भेटीत त्यांच्या पत्नीने सहज सांगितलं, "ह्यांचं तीन वर्षांपूर्वी भगंदराचं ऑपरेशन झालंय. अजून मधूनमधून कपड्याला डाग पडतो." जुन्या केसपेपरवर याचा उल्लेखच नव्हता. पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि भगंदराचा पोटाशी काय संबंध म्हणून रुग्णाने सांगितलं नाही. आतड्यातले व्रण आणि न भरणारा भगंदर एकत्र आले की क्रोन्सचं पारडं जड होतं.

दुर्बीण परत केली. लांबट, खोल व्रण होते आणि त्यांच्या मधे मधे निरोगी आतडं होतं. लहान आतड्याचं तोंड थोडं आवळलं होतं. तुकड्यांची टीबीसाठी जनुकीय चाचणी केली, द्रव माध्यमात कल्चर लावलं. दोन्ही निगेटिव्ह आले. छातीचा फोटो स्वच्छ. आतड्यातली सूज दाखवणारं विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन १,१५०, म्हणजे सूज भरपूर.

निगेटिव्ह कल्चरने मात्र काही सिद्ध होत नाही. आतड्याच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात, त्यातून सहा महिने औषधं घेतलेल्या माणसात ते सापडण्याची आशा आणखी कमी. आम्ही निदान केलं ते व्रणांचं रूप, भगंदर आणि टीबीचा पूर्ण कोर्स होऊनही तसेच राहिलेले व्रण यांच्या जोरावर.

मग टीबीच्या औषधांनी दोन महिने बरं का वाटलं होतं? हे अपवादाने घडत नाही. दिल्लीच्या एम्समधून २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात, पुढे क्रोन्स ठरलेल्या रुग्णांपैकी तिघांत एकाहून जास्त जणांना टीबीच्या औषधांनी आराम वाटल्याचं दिसलं. व्रण भरून येणं मात्र जवळपास फक्त टीबीतच दिसलं. आराम वाटण्यामागे त्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनचा आतड्यातल्या इतर जिवाणूंवरचा परिणाम असेल, आजाराची स्वतःची भरती-ओहोटी असेल, आपल्यावर उपचार चाललेत याचा दिलासाही असेल. रुग्णाला बरं वाटलं म्हणून निदान बरोबर होतं असं धरून चाललं, की सहा महिने कसे जातात ते इथे दिसतं.

पहिला उपचार

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमने सुरू करून उतरवत नेलं. सोबत ॲझाथायोप्रिन, म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नातली प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. त्याआधी एनयूडीटी-१५ या जनुकाची तपासणी करून घेतली. त्यात दोष असेल तर या औषधाने पांढऱ्या पेशी झपाट्याने कोसळतात, केस मूठमूठ गळतात. युरोप-अमेरिकेत टीपीएमटी या दुसऱ्या जनुकाकडे जास्त बघतात, आपल्याकडे एनयूडीटी-१५ चे दोष जास्त आढळतात. रिपोर्ट निर्दोष आला. ५० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून १०० वर नेलं.

पांढऱ्या पेशी सुरुवातीला ८,४०० होत्या, महिन्याने ६,९००, तीन महिन्यांनी ६,१००. स्टेरॉइड बंद झालं, वजन ६३ वर गेलं, जुलाब थांबले. भगंदराचा डाग पडायचा कमी झाला. आमच्या लेखी गाडी रुळावर आली होती.

दाजींचा प्रश्न

चौथ्या महिन्यात रुग्णासोबत त्यांचे दाजी आले, तेच पशुवैद्य. हातात छापील कागदांची चळत, पिवळ्या शाईने ओळी रंगवलेल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाईला जोन्स रोग होतो. खाणं चालू असतं, ताप नसतो, तरी जनावर महिनोन्‌महिने पिचकारीसारखं पातळ शेण टाकतं आणि वाळत जातं. मेल्यावर आतडं उघडलं तर भिंत जाड झालेली, मेंदूसारख्या वळ्या पडलेल्या. हा जिवाणू टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्युबरक्युलोसिस. आपण इथे 'मॅप' म्हणू. जर्मनीत १८९५ मध्ये या रोगाचं वर्णन झालं. १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद डॅलझील यांनी माणसांतल्या अशाच आतड्याच्या आजाराची गाईंच्या या रोगाशी तुलना केली. न्यूयॉर्कमध्ये क्रोन आणि सहकाऱ्यांनी आजाराला आपलं नाव मिळवून देणारा लेख लिहिला तो १९३२ मध्ये, म्हणजे नंतर. १९८४ मध्ये अमेरिकेत काही क्रोन्स रुग्णांच्या आतड्यातून मॅप वाढवून दाखवला गेला.

इथवरचं मला ठाऊक होतं. पुढचा कागद मी वाचलेला नव्हता. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले शल्यविशारद रॉबर्ट ग्रीनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मॅपवर मेथोट्रेक्सेट आणि ६-मर्कॅप्टोप्युरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं टाकून पाहिली, आणि जिवाणूची वाढ मंदावली. ॲझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्याचं मर्कॅप्टोप्युरिनच होतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटाने ॲझाथायोप्रिन आणि मर्कॅप्टोप्युरिन दोन्ही मॅपची वाढ रोखतात असं दाखवलं. त्याच सुमारास ग्रीनस्टाइन यांनी मेसालामाइन या आतड्याच्या सुजेवरच्या औषधाबद्दल आणि प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या काही औषधांबद्दलही असेच निष्कर्ष छापले.

"म्हणजे तुम्ही नकळत अँटिबायोटिकच देताय," दाजी म्हणाले. "तेही अर्धवट. मग खरी, पूर्ण ताकदीची मॅपची औषधं द्या की. क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन, क्लोफॅझिमिन. दोन वर्षं. प्रतिकारशक्ती दाबायची भानगडच नको. टीबीच्या गोळ्यांनी दोन महिने बरं वाटलं होतं ना? ते त्यातल्या रिफॅम्पिसिननंच."

रुग्ण माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण ते म्हणाले, "मॅडम, दाजी म्हणतात ते खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. अडचण नेमकी तिथेच होती.

कागद वाचल्यावर

दोन आठवड्यांनी परत या म्हटलं आणि ते कागद वाचले. निरीक्षण विचित्र वाटत असलं तरी औषधाचा इतिहास पाहिला की त्यात नवल उरत नाही. मर्कॅप्टोप्युरिन घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत नवी संयुगं पारखायची पहिली चाळणी म्हणजे लॅक्टोबॅसिलस केसाय हा जिवाणू. जो पदार्थ या जिवाणूला डीएनएचा कच्चा माल वापरू देत नाही तो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींनाही देणार नाही, असा तर्क होता. त्यातून रक्ताच्या कर्करोगाचं औषध आलं, पुढे ॲझाथायोप्रिन आलं, आणि त्याच प्रयोगशाळेतून ट्रायमेथोप्रिम हे सरळसरळ जिवाणूविरोधी औषधही आलं. ट्रायमेथोप्रिम आणि मेथोट्रेक्सेट एकाच जातीच्या एन्झाइमला अडवतात, फरक एवढाच की एक जिवाणूचं एन्झाइम पसंत करतं आणि दुसरं आपलंही सोडत नाही. १९८८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

सल्फासॅलाझिनची गंमत तर आणखी. स्टॉकहोमच्या नाना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीमागे जंतुसंसर्ग असावा अशा समजातून सल्फा आणि सॅलिसिलेट यांची ही जोडी बनवून घेतली. मोठ्या आतड्याच्या सुजेवर तिचा उपयोग झाल्याचं १९४२ मध्ये छापून आलं. १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी दाखवलं की आतड्यात काम सल्फा करत नाही, दुसरा तुकडा करतो, म्हणजे मेसालामाइन. जिवाणूविरोधी भाग उगाच होता म्हणून काढून टाकला. आणि तीस वर्षांनी उरलेला भागही काचेच्या नळीत मॅपला रोखतो असं निघालं! बुरशीने तयार केलेलं मायकोफेनोलिक ॲसिड तर इटलीच्या गोसिओंनी १८९३ मध्येच वेगळं केलं होतं आणि ते अँथ्रॅक्सच्या जिवाणूला आवरतं हे पाहिलं होतं. आज ते मूत्रपिंड बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबायला देतात.

२०१८ मध्ये हायडलबर्गच्या शास्त्रज्ञांनी हजाराहून जास्त औषधं माणसाच्या आतड्यातल्या ४० जिवाणूंवर तपासली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या औषधांपैकी २४ टक्के औषधांनी किमान एका जिवाणूची वाढ रोखली. तेव्हा दाजींच्या कागदांतलं निरीक्षण खरं मानायला हरकत नव्हती. माझं अडत होतं ते त्यावरून त्यांनी घेतलेल्या उडीपाशी.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: आहे ते चालू ठेवायचं.

दुसरा: ॲझाथायोप्रिन बंद करून मॅपविरोधी तीन औषधं. याची नीट चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आहे आणि निष्कर्ष २००७ मध्येच आले. २१३ रुग्ण, दोन वर्षं औषध. सुरुवातीला सर्वांना स्टेरॉइड होतं. सोळा आठवड्यांनी तीन अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ५० टक्के जणांचा आजार शांत झाला होता. पुढे मात्र हा फरक टिकला नाही. दाजींचा यावरचा आक्षेप जोरकस होता. अशा चाचण्यांत दोन्ही बाजूंचे काही लोक मर्कॅप्टोप्युरिनसारखी औषधं घेत असतील तर ज्याला आपण खोटी गोळी म्हणतो त्या बाजूलाही छुपं अँटिबायोटिक चालूच असतं, मग फरक दिसणार कसा? ग्रीनस्टाइन यांचाही रोख हाच. हा मुद्दा मला उडवून लावता येत नाही. पण यातून निघतं इतकंच की नवी चाचणी अधिक काळजीने आखायला हवी. माझ्या रुग्णाला ती औषधं द्यावीत, असं काही त्यातून निघत नाही.

आपल्याकडचा धोका वेगळाच होता. या माणसाला टीबी नाही असं आम्ही मानत होतो, पण शंभर टक्के खात्री कुणाला असते? आत कुठे टीबी दबा धरून असेल आणि आम्ही रिफॅम्पिसिनच्याच जातीचं रिफाब्युटिन असं अपुऱ्या साथीने दोन वर्षं दिलं, तर रिफॅम्पिसिनला न जुमानणारा टीबी स्वतःच्या हाताने तयार केल्यासारखं होईल. क्लोफॅझिमिन कुष्ठरोगाच्या आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात लागतं. शिवाय त्याने कातडी काळपट-लालसर पडते, आणि गावाकडे तो रंग बऱ्याच जणांना ओळखता येतो. दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या माणसाला "काय झालंय" या कुजबुजीची किंमत फार मोठी पडते. हे मी बोलले तेव्हा दाजी पहिल्यांदा गप्प झाले.

तिसरा पर्याय: आतड्याच्या तुकड्यात मॅपची चाचणी करून ठरवायचं. ऐकायला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आम्ही नाही म्हटलं. मॅपचा अंश क्रोन्स नसलेल्या काही माणसांच्या आतड्यातही सापडला आहे. तो सापडला म्हणून आजार त्यानेच झाला असं होत नाही, आणि सापडला नाही म्हणून दाजींचं समाधान होणार नव्हतं. ज्या चाचणीच्या दोन्ही उत्तरांनी उपचार बदलणार नाही, ती शेतकऱ्याच्या खिशातून कशाला?

चौथा: लहान आतड्याचं आवळलेलं टोक दुर्बिणीतून ऑपरेशन करून काढणं. आजार थोड्याच भागात असेल तर हा अगदी चांगला पर्याय आहे. २०१७ मध्ये छापलेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत तो इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनच्या तोडीचा निघाला. घरच्यांनी "कापाकापी नको" म्हटलं आणि मीही आग्रह धरला नाही. आता वाटतं, थोडा धरायला हवा होता.

निर्णय कुठे फिरला ते सांगते. मी दाजींना विचारलं, "टीएनएफ हे सूज पेटवणारं प्रथिन अडवणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं दिली तर दबलेला टीबी उसळतो, हे २००१ पासून माहीत आहे. क्रोन्स हाही टीबीसारखा नुसता जंतुसंसर्ग असता तर त्या इंजेक्शनांनी तो उसळायला हवा होता. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांत तो शांत होतो. हे कसं?" त्यांनी विचार केला. "मॅप टीबीसारखा वागत नसेल." शक्य आहे. पण मग मॅपवर टीबीच्या धाटणीचे उपचार करण्यामागचा आधारही ढिला होतो. मॅप फार सावकाश वाढतो, त्याची वसाहत दिसायला आठवडे ते महिने लागतात. प्रेडनिसोलोनने चार दिवसांत कळ थांबली ती काही जिवाणू मेल्याने नव्हे.

ॲझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि मॅपवाले नेमकं तिथे बोट ठेवतात, की सावकाश वाढणारा जंतू सावकाशच हटणार. त्याचं दुसरं स्पष्टीकरणही आहे. औषधापासून बनणारा सक्रिय घटक पेशींत आठवड्यांनी साठतो आणि त्याच्यामुळे चिडलेल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, स्वतःहून मरतात. काचेच्या नळीत औषध सतत एकाच प्रमाणात जिवाणूभोवती असतं, रक्तातलं मर्कॅप्टोप्युरिन मात्र काही तासांत उतरतं. पण मॅप राहतो भक्षक पेशींच्या आत, आणि साठा होतो तोही पेशींच्या आत. म्हणजे इथेही दोन्ही बाजूंना जागा उरतेच.

ॲझाथायोप्रिन चालू ठेवायचं ठरलं. कारण त्याने या रुग्णाचा आजार आटोक्यात होता. तो का आटोक्यात होता याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेही नव्हतं, आणि ते त्या दिवशी पहिल्यांदा तिघांनीही मोकळेपणाने मान्य केलं.

मधेच झालेला घोटाळा

सातव्या महिन्यात गळीत हंगाम सुरू झाला. ऊसतोड, ट्रॅक्टर, रात्री-अपरात्री फोन. रक्ततपासणीची एक तारीख चुकली. आम्हीही फोन केला नाही. जनुकाचा रिपोर्ट निर्दोष, आधीच्या पेशी उत्तम, म्हणून आमचीही दक्षता सैलावली होती.

त्याच काळात त्यांची टाच दुखू लागली, सकाळी पाऊल टेकवेना. गावातल्या दवाखान्यात युरिक ॲसिड ७.१ आलं आणि ते कमी करणारं ॲलोप्युरिनॉल सुरू झालं. "पोटाची गोळी चालू आहे" असं रुग्णाने सांगितलंही होतं, पण पोटाची गोळी म्हणजे ॲसिडिटीची, असं तिथे धरलं गेलं.

चार आठवड्यांनी ताप १०२, तोंडात फोड, अंगात त्राण नाही. पांढऱ्या पेशी २,१००, त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणू खाणाऱ्या पेशी, ७६०. प्लेटलेट ९६,०००.

ॲलोप्युरिनॉल हेही एलियन-हिचिंग्ज यांच्याच घरचं. मर्कॅप्टोप्युरिन मोडून टाकणारं एन्झाइम ते बंद करतं. मग नेहमीच्या डोसचा कित्येक पट परिणाम रक्तपेशी तयार करणाऱ्या, हाडांतल्या मगजावर होतो. दोन्ही द्यायचीच वेळ आली तर ॲझाथायोप्रिन एक चतुर्थांशावर आणावं लागतं आणि रक्तावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. एनयूडीटी-१५ ची तपासणी या धोक्याबद्दल काहीच सांगत नाही.

दोन्ही औषधं बंद केली, रक्ताचं कल्चर घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दाजी भेटायला आले. बाहेरच्या बाकावर बसून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जिवाणू मारणारं औषध घेत असताना माणसाला जिवाणूचा ताप येतो, हे माझ्या डोक्यात बसत नाही."

नळीत जिवाणू असतो आणि औषध असतं, त्या जिवाणूला खाणाऱ्या आपल्या पेशी नसतात. शरीरात औषध एखाद्या जिवाणूला चिमटा काढत असेलही, पण त्याच वेळी ते त्याला खाणाऱ्या पेशींची फौज कमी करतं. या रुग्णात दुसरा परिणाम पहिल्याच्या कितीतरी पुढे गेला होता. हे मी त्यांना बाकावरच सांगितलं, आणि खरं तर पहिल्या दिवशीच्या त्यांच्या प्रश्नाचं मला जमलेलं हे पहिलं बरं उत्तर होतं.

कल्चरमध्ये काही उगवलं नाही. ताप चौथ्या दिवशी उतरला, नवव्या दिवशी पेशी ४,३०० झाल्या.

टाच का दुखत होती? स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतो तिथली सूज. क्रोन्समध्ये ती येते. युरिक ॲसिड थोडंसं वाढलेलं होतं, पण गाऊट नव्हता. भगंदरासारखीच टाचेची गोष्टही कुणी पोटाशी जोडली नाही.

पुढचा निर्णय आणि परिणाम

आता मेथोट्रेक्सेट द्यायचं, टीएनएफविरोधी इंजेक्शनाकडे जायचं, की ॲझाथायोप्रिन परत सुरू करायचं? इंजेक्शनचा खर्च त्यांच्या आवाक्याच्या काठावर होता, आणि टीबीबद्दल उरलेली शंका मला तिथे जास्त बोचत होती. मेथोट्रेक्सेटच्या वेळी माझी धास्ती वेगळी होती. गावात कुणी जुलाबासाठी किंवा लघवीच्या त्रासासाठी कोट्रायमोक्साझोल दिलं, तर त्यातलं ट्रायमेथोप्रिम आणि मेथोट्रेक्सेट मिळून पुन्हा हाच प्रसंग, कदाचित याहून वाईट. ॲझाथायोप्रिनने पेशी पडल्या त्याचं कारण सापडलं होतं आणि ते टाळता येण्यासारखं होतं. सहा आठवड्यांनी ५० मिलिग्रॅमने परत सुरुवात केली, ७५ वर थांबलो.

यावेळी त्यांच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवली. मराठीत, ठळक अक्षरांत: 'मी ॲझाथायोप्रिन घेतो. ॲलोप्युरिनॉल, फेबुक्सोस्टॅट, कोट्रायमोक्साझोल देण्याआधी या नंबरवर फोन करा.' आतापर्यंत दोनदा फोन आला. एक औषधाच्या दुकानातून होता.

अठरा महिन्यांनी दुर्बीण केली. व्रण भरलेले, तोंड थोडं आवळलेलंच, पण दुर्बीण आत गेली. कॅलप्रोटेक्टिन ९०. वजन ६७. भगंदर कोरडा.

आता करायचं झालं तर

टीबीची औषधं सुरू केली तर दोन महिन्यांनी दुर्बीण पुन्हा घालायलाच हवी होती. रुग्णाला किती बरं वाटतं यावर न जाता व्रण पाहायला हवे होते. भगंदर, टाच, डोळे, तोंड यांबद्दल पहिल्याच दिवशी एकेक करून विचारायला हवं होतं. आता आमच्या केसपेपरवर त्यासाठी चार चौकोन छापून घेतले आहेत.

रक्ततपासणी चुकली की फोन कुणी करायचा हे ठरलेलं नव्हतं. ते आता नर्सकडे आहे, आणि हंगामाचे महिने तिने कॅलेंडरवर लाल केले आहेत. जनुकाचा रिपोर्ट देताना "तुम्हाला या औषधाचा धोका नाही" असं आम्ही बोलून गेलो होतो. ते वाक्य चुकीचं होतं. "एका प्रकारचा धोका कमी आहे" एवढंच म्हणायला हवं होतं.

दाजींना पहिल्या दिवशी टोलवायला नको होतं. तो कागद मी त्याच आठवड्यात वाचला असता, तर औषधं एकमेकांत कशी गुंततात हे बोलणं चौथ्या महिन्यातच निघालं असतं, आणि घरात एक डॉक्टर असताना ॲलोप्युरिनॉलची चिठ्ठी बहुधा त्यांच्या नजरेतून सुटली नसती.

दुधाचं काय, हे घरच्यांनी विचारलंच. मॅपमुळे क्रोन्स होतो असं सिद्ध झालेलं नाही. दूध पचत असेल तर प्या, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उकळतात तसं, साय धरेपर्यंत उकळून प्या. कच्चं, धारोष्ण नको. ही सूचना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्या कुणालाही लागू आहे, मॅप असो वा नसो.

मागच्या भेटीत दाजींनी सांगितलं की त्यांनी गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचं रक्त तपासायला पाठवलं होतं. एक गाय पॉझिटिव्ह निघाली. राज्यात गोहत्याबंदी असल्याने परदेशात करतात तसं तिला कत्तलीला पाठवायचा प्रश्न नव्हता. तिला वेगळ्या छपराखाली बांधलं आहे आणि तिचं दूध डेअरीला जात नाही. "यावरून मी काही म्हणत नाही हं, मॅडम," ते घाईने म्हणाले. मी हसले आणि रुग्णाच्या रक्ताचा कागद पुढे ओढला. पेशी ५,८००.